इंजिन स्टार्ट-स्टॉप यंत्रणा

मोटारगाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि चालक निघायच्या तयारीत आला की ते पुन्हा चालू करणारी यंत्रणा. किल्लीऐवजी बटण दाबून गाडी चालू करण्याची जी सोय असते, ती वेगळी. दोन्हींच्या बटणांवर मिळतीजुळती अक्षरे असल्याने गोंधळ होतो.

उभ्या गाडीचे इंजिन काहीही काम न करता इंधन पीत राहते. लहान पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हा खर्च ताशी अर्धा ते एक लिटरच्या आसपास जातो. तो वाचवण्याची कल्पना जुनी आहे. टोयोटाने 1970 च्या दशकात क्राउन गाडीवर असा प्रयोग केला, 1983 मध्ये फियाटने रेगाटा गाडीत अशी सोय दिली आणि 1990 च्या दशकात फोक्सवॅगनची गोल्फ इकोमॅटिक आली. प्रसार मात्र युरोपात कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर झाला. उत्सर्जन मोजण्याच्या तिथल्या जुन्या अधिकृत चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी उभीच असे, त्यामुळे कागदावरचा फायदा घसघशीत दिसे. 2017 पासून लागू झालेल्या नव्या चाचणीत उभे राहण्याचा वेळ बराच कमी आहे. सिग्नलमागून सिग्नल घेणाऱ्याला ही यंत्रणा उपयोगी पडते. महामार्गावर ती असली काय नि नसली काय, सारखेच.

हाताच्या गिअरच्या गाडीत न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होते, क्लच दाबला की चालू. क्लच दाबून पहिल्या गिअरमध्येच उभे राहण्याची सवय असलेल्यांची यंत्रणा म्हणूनच कधी कामाला येत नाही. ऑटोमॅटिक गाडीत सूत्रे ब्रेकवरच्या पायाकडे असतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक घट्ट दाबला तर इंजिन बंद होते, गाडी जेमतेम थांबेल इतकाच दाबला तर चालू राहते. पाय थोडा सैल केला की ते पुन्हा सुरू होते. हा अंदाज एकदा आला की यंत्रणा बंद करायच्या बटणाला हात लावायची गरज फारशी उरत नाही. थांबा दहा सेकंदांहून मोठा असेल तर बंद करणे परवडते, असा साधारण हिशेब सांगतात. सेल्फ मारताना भरमसाट पेट्रोल जाते ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली; तापलेले आजचे इंजिन फारच थोड्या इंधनात सुरू होते.

इंजिन थंड असणे, बॅटरी उतरलेली असणे, एसीवर ताण असणे, ब्रेकसाठी लागणारा निर्वात दाब कमी होणे, सीटबेल्ट लावलेला नसणे, स्टिअरिंग बरेच वळलेले असणे, यांपैकी काहीही असले तरी इंजिन बंद होत नाही. गाडी उभी असताना ते मध्येच आपले आपण सुरू झाले, तर त्यामागेही बहुधा एसी किंवा बॅटरीच असते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर थांबतो, पंखा तेवढा फिरत राहतो. उन्हात मिनिटभरात झोताचा गारवा उतरू लागतो. इंजिन शांत आहे म्हणून गाडी बंद आहे असे समजून उतरणे मात्र धोक्याचे. इग्निशन चालूच असते.

वारंवार सुरू होण्याने इंजिन झिजते ही तक्रार नेहमीची. अशा गाड्यांत स्टार्टर मोटर मुळातच दणकट असते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर अनेकदा खास लेप असतो. माझदाच्या 2009 च्या आय-स्टॉप या यंत्रणेत तर पिस्टन सोयीच्या जागी थांबवून सिलिंडरमध्येच इंधन पेटवले जाते आणि इंजिन सुमारे 0.35 सेकंदात फिरू लागते. खरा खर्च बॅटरीचा. प्रत्येक थांब्यात दिवे, पंखा, संगीत सगळे तिच्यावर चालते आणि वर सेल्फचा झटका, म्हणून असा वारंवारचा भार सोसणारी, एजीएम किंवा ईएफबी प्रकारची महाग बॅटरी द्यावी लागते. पैसे वाचवायला साधी बसवली तर ती लवकर मान टाकते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकातही करावी लागते. ऋण टोकावर बॅटरीची स्थिती मोजणारा संवेदक असेल, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना केबलचा चिमटा त्या टोकाला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावतात. सगळे ठीक असूनही यंत्रणा चालेनाशी झाली, तर आधी बॅटरी तपासावी. छोट्या छोट्या फेऱ्यांत ती पुरती भरतच नाही.

मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग, पार्किंगमध्ये मागेपुढे करणे, समोरच्या वाहतुकीतून फट साधून वळणे आणि साचलेले पाणी, या वेळी यंत्रणा बटणाने बंद ठेवलेली बरी. गाडी पुढच्या वेळी सुरू केली की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा चालूच असते, कारण अधिकृत चाचणीतला आकडा ती चालू धरूनच काढलेला असतो.

48 व्होल्टच्या सौम्य हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या छोट्या मोटरची जोड असलेल्या गाड्यांत पट्ट्यावरचा स्टार्टर-जनरेटर (हीच ती मोटर) इंजिन इतके अलगद फिरवतो की थरथर जवळजवळ जाणवत नाही. गाडी पूर्ण थांबायच्या आधी, वेग उतरत असतानाच इंजिन बंद करणेही त्यामुळे जमते.