घडीचा चाकू घेताना: आधी मूठ, मग पाते

चाकू बघायला आलेले बहुतेक जण तो उघडतात, पात्याची चमक बघतात, नखावर धार टेकवून पाहतात आणि विचारतात, "स्टील कोणते?" त्या वेळी मूठ त्यांच्या हातातच असते, पण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. हे पत्रक तिच्याबद्दल आहे. अडचणीच्या वेळी हाताशी असावा म्हणून घडीचा चाकू जवळ बाळगायचा असेल, तर तो घामेजलेल्या, थरथरत्या हातात जागचा हलतो की नाही हे सगळ्यात आधी तपासा. पाते त्यानंतर.

आमच्यापैकी एकाच्या उजव्या तर्जनीवर आडवा व्रण आहे. ओल्या हाताने प्लॅस्टिकचे पिंप कापताना टोक मध्येच रुतले, पाते थांबले, हात मात्र जोरात पुढे गेला. मूठ गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमची होती आणि पुढे बोट अडवायला काहीच नव्हते. बोट सरळ धारेवर गेले. बोटे मिटवणाऱ्या कंडरा तळहाताच्या बाजूने कातडीखाली फार खोल नसतात. त्या तुटल्या की आपोआप जुळत नाहीत, शस्त्रक्रिया करावी लागते, आणि नंतरही बोट पूर्वीसारखे वळेलच याची खात्री नसते. हे सगळे भरदिवसा, शांतपणे, ओळखीचे काम करताना झाले. घाबरलेल्या माणसाच्या हातात काय होईल याचा अंदाज त्यावरून करा.

विकत घेण्याआधी थोडे स्पष्ट बोलू

"फक्त स्वसंरक्षणासाठी हवा" असे कुणी म्हणाले, तर आम्ही आधी चांगला टॉर्च आणि शिट्टी दाखवतो. त्यात आमची विक्री बुडते, बुडू दे. चाकू ही ढाल नव्हे, तो कुणाचा वार अडवत नाही. त्याचा उपयोग व्हायचा तर समोरचा माणूस हाताच्या अंतरावर आलेला असावा लागतो, आणि इतक्या जवळ आलेला माणूस तोच चाकू हिसकावूही शकतो. शिवाय खिशातून काढणे, उघडणे, नीट पकडणे याला वेळ लागतो. भीतीने हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, बोटांची बारीक हालचाल नीट होत नाही. पळून जाता येत असेल, आरडाओरडा करता येत असेल, तर तेच करावे. खिशात चाकू आहे म्हणून एरवी टाळले असते तिथे जाऊ नये.

मग बाळगायचाच कशाला? अडकलेला सीटबेल्ट कापायला, दोरात गुंतलेला पाय सोडवायला, जखमेवरचे कापड फाडायला. अशी वेळ हल्ल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा येते, आणि तेव्हाही पकड तितकीच महत्त्वाची असते. शेवटचा उपाय म्हणून तो जवळ असावा असे वाटत असले, तरी रोजच्या कामात हाताला सरावलेला चाकूच तेव्हा नीट धरला जाईल.

कायद्याचे तुमचे तुम्ही आधी बघा, कारण देशागणिक नियम बदलतात, काही ठिकाणी शहरागणिकही. ब्रिटनमध्ये लॉक (उघडलेले पाते मिटू न देणारी कळ) नसलेला आणि धार ३ इंचांपर्यंतच असलेला घडीचा चाकू कारण न देता जवळ ठेवता येतो. त्याला लॉक असला की ती सवलत जाते, आणि 'स्वसंरक्षण' हे कारण तिथे चालत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगण्यावर २००८ पासून बंदी आहे. बटण दाबताच स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूवर तर अनेक देशांत बंधने आहेत. विमानात हातातल्या सामानात कोणताच ठेवू नका.

मूठ कशी बघायची

चाकू बंद करून, डोळे मिटून हातात घ्या. धारेची बाजू कुठली आणि टोकाची कुठली, हे नुसत्या स्पर्शाने कळले पाहिजे. अगदी गोल मुठीत ते कळत नाही आणि ती हातात फिरतेही. अंडाकृती किंवा कडा मारलेला चौकोनी छेद चांगला. हल्ली खिशात जाणवू नयेत म्हणून पातळ मुठींची आवड वाढली आहे. त्या दिसायला सुरेख असतात, पण कडक काही कापताना तळहातात वळतात. आमच्या अनुभवात १२ ते १५ मिलिमीटर जाडी बहुतेकांना मानवते. हात मोठा असेल तर थोडी जास्त.

लांबीची परीक्षा सोपी आहे. चाकू उघडा, मूठ घट्ट वळा. चारही बोटे मुठीवर हवीत आणि करंगळीच्या मागे थोडी मूठ उरली पाहिजे. करंगळी हवेत राहिली तर चाकू कितीही आवडला तरी खाली ठेवा. पकडीच्या जोरात करंगळी आणि अनामिकेचा वाटा मोठा असतो, त्या सुटल्या की चाकू पुढच्या दोन बोटांवर झुलायला लागतो. साधारण हाताला ११ ते १२ सेंटिमीटरची मूठ पुरते. मुठीचे मागचे टोक किंचित खाली वळलेले असेल तर उत्तमच, कारण ओढून कापताना चाकू हातातून मागे निसटत नाही.

आता सगळ्यात मोलाची जागा, म्हणजे मूठ आणि पाते जिथे मिळतात ती. तर्जनी पुढे सरकू नये म्हणून तिथे काहीतरी आडवे, म्हणजे अडणी, हवी. काही चाकूंत मुठीलाच खाली ओठासारखा उंचवटा असतो. फ्लिपर प्रकारात, म्हणजे मागची जीभ दाबून पाते उघडायचे असते त्यात, चाकू उघडल्यावर तीच जीभ तर्जनीपुढे येऊन उभी राहते. एका तुकड्यात दोन कामे होतात, म्हणून हा प्रकार आम्हाला आवडतो. पात्याच्या बुडाशी बोटासाठी अर्धगोल खाच असलेले चाकूही मिळतात. बारीक कामाला ती खाच छान, पण तिथे बोट धारेच्या अगदी शेजारी असते, त्यामुळे जोराच्या कामात बोट मागे, मुठीवरच ठेवावे.

पात्याच्या पाठीवर अंगठ्यासाठी बारीक दाते काढलेले असतात. ते अंगठा घसरू देणार नाहीत इतके खडबडीत असावेत, पण पाच मिनिटांत अंगठा सोलून निघेल इतके धारदार नसावेत. बोटांसाठी खोल खोबणी केलेल्या मुठींपासून जरा सांभाळून. त्या खोबणी कुणाच्या तरी बोटांच्या मापाने केलेल्या असतात, आणि ते कुणीतरी तुम्ही असण्याची शक्यता कमी. घाईत पकडताना बोटे नेमकी उंचवट्यांवर बसतात. मागे बोट अडकवायची कडी असलेले वाकड्या पात्याचे चाकूही लोक मागतात. कडीमुळे चाकू सुटत नाही हे खरे, पण कडीत अडकलेले बोट पिळले गेले तर मोडते, आणि ते पाते रोजच्या कामाला गैरसोयीचे. नवशिक्याला आम्ही तो देत नाही.

कशाची मूठ चांगली

काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत दाबून बनवलेली जी-१० मूठ पाणी शोषत नाही, फुगत नाही, आणि वर खरखरीत नक्षी असेल तर ओल्या हातातही बसून राहते. सुती कापडाचे किंवा कॅनव्हासचे थर राळेत दाबून मिकार्टा बनतो. तो कोरडा असताना जरा मऊमऊ लागतो, पण पॉलिश न केलेला मिकार्टा ओला झाला की पकड उलट वाढते. घाम फार येणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ हलकी आणि टिकाऊ असते. हाताला स्वस्त लागते म्हणून लोक ती नाकारतात, पण साच्यातच उमटवलेली खोल नक्षी असेल तर पकडीत ती कुणापेक्षा कमी नाही. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम मजबूत खरे, पण गुळगुळीत असतील तर ओल्या हाताला साबणासारखे, आणि थंडीत गारठलेल्या बोटांना नकोसे. पॉलिश केलेले लाकूड आणि शिंग देखणे असते. देखणेच.

खरखरीतपणाचा अतिरेकही नको. कानशीसारखी मूठ पँटचा खिसा महिनाभरात फाडते, आणि मग माणूस चाकू घरी ठेवून जायला लागतो. खिशाला अडकवायच्या क्लिपखालचा भाग तेवढा गुळगुळीत असावा.

लॉकचा पकडीशी संबंध

नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडा राहणारा, लॉक नसलेला चाकू घरकामाला ठीक. जोर लागण्याची शक्यता असेल तर लॉक हवाच, नाहीतर पाते बोटांवर मिटते. मात्र प्रत्येक लॉकचे मुठीशी वेगळे नाते असते.

मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असलेला बॅक लॉक जुना आणि भरवशाचा. बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने १९६०च्या दशकात तो घरोघरी नेला. त्यात एकच गोम आहे: पट्टीची खाच तळहाताखाली येत असेल, तर मूठ घट्ट आवळताना पट्टी दाबली जाऊन लॉक सुटू शकतो. म्हणून काही चाकूंत पट्टीला एक उथळ खळगा दिलेला असतो, तो शोभेचा नाही. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्यामागे सरकते. मूठ पिळली गेली किंवा बोटाचे पेर त्या पट्टीवर चढले तर ती बाजूला ढकलली जाते, त्यामुळे पट्टीची कड मुठीबाहेर फार डोकावत नाही ना ते बघा. फ्रेम लॉकमध्ये मुठीचीच एक बाजू लॉकचे काम करते. मूठ जितकी आवळाल तितका तो घट्ट बसतो. पकडीच्या दृष्टीने आमची पहिली पसंती त्याला. आडवी खीळ मागे ओढून सोडायचा लॉकही उत्तम, डावखुऱ्यांना तर विशेष सोयीचा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंवरची फिरवायची कडी १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. ती सुटत नाही, पण फिरवायला दुसरा हात लागतो.

लॉक तपासताना पाते उघडून पाठीवर तळव्याने हळूहळू दाब द्या, बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नका. पाते वरखाली हलता कामा नये. टेबलावर पाठ आपटून बघणारे गिऱ्हाईक आम्हाला भेटतात. त्याने चांगला लॉकही खराब होतो, आणि त्यातून कळत काही नाही.

पाते, थोडक्यात

७ ते ८ सेंटिमीटर पुरे. लांब पात्याला लांब मूठ लागते आणि ती खिशात मावत नाही. सीटबेल्ट, दोर यांसाठी दातेरी धार झटकन चालते, पण घरी धार लावायला ती किचकट. साधी धार कुणालाही सहाणेवर लावता येते. घाम आणि ओल असेल तर गंज न धरणारे स्टील घ्या. १४सी२८एन त्या कामी चांगले. डी-२ धार जास्त दिवस टिकवते, पण पुसून ठेवायचा आळस केला तर त्यावर डाग पडतात.

खिशात कसा ठेवायचा

टोक वर ठेवायच्या क्लिपमध्ये पात्याची पाठ खिशाच्या शिवणीकडे येऊ द्या, म्हणजे पाते चुकून सैल झाले तरी शिवण त्याला उघडू देत नाही. त्या खिशात किल्ल्या, नाणी काही नको. बंद चाकू टोकाकडून खाली धरून हलका झटका द्या. पाते बाहेर डोकावले तर तो चाकू खिशात ठेवण्याजोगा नाही. डाव्या हातानेही उघडता येतो का ते जरूर बघा, कारण नेमका उजवाच हात अडकलेला असू शकतो. सराव करायचा तो बोथट सरावाच्या चाकूने, नाहीतर धारेवर जाड चिकटपट्टीचे दोन थर लावून. वेगाने उघडायची घाई नको, तर्जनी दर वेळी अडणीमागेच बसते ना, तेवढे बघा.

खिशातला कापसासारखा मळ लॉकच्या फटीत साचतो आणि लॉक अर्धवट बसतो. महिन्यातून एकदा साबणाचे कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळवून बिजागरीवर तेलाचा एक थेंब. तेल मुठीला लागू देऊ नका, लागलेच तर पुन्हा साबणाने धुवा. क्लिपचे पेच ढिले होतात, तेही त्याच वेळी बघून घ्या.

चाकू बघायला याल तेव्हा रोज घालता तीच पँट घालून या, आणि कामाला हातमोजे वापरत असाल तर तेही आणा. आमच्याकडे काउंटरवर साबणाच्या पाण्याचे भांडे ठेवलेले असते. हात बुडवा, पात्यावर आम्ही चढवलेले टोपण तसेच ठेवा, मूठ आवळा आणि टोपणाचे टोक समोरच्या लाकडी ठोकळ्यावर दाबा. बोट जागचे हलले तर तो चाकू परत ठेवून दुसरा मागा.