गायनिक एक, कामं दोन

नागपुरातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हा मेसेज पडतोच: "धरमपेठ साइडला चांगली गायनिक सांगा ना कोणी." पाच मिनिटांत सहा नावं येतात. एक नाव देणारीची गर्भपिशवी काढलेली. दुसरीच्या मुलीला आयव्हीएफनं दिवस राहिले. तिसरीचं शेवटचं बाळंतपण होऊन वीस वर्षं झाली. आणि विचारणारीला सातवा लागलेला. तिनं यातलं कोणतं नाव घ्यावं बाप्पा?

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोन वेगळ्या पदव्या नाहीत. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एकच अभ्यासक्रम, त्यात दोन्ही. पाटीवर एमडी आहे, एमएस आहे की डीएनबी, यावर डोकं शिणवू नका. डीजीओ ही दोन वर्षांची पदविका, जुन्या डॉक्टरांच्या नावापुढे दिसते. एमएसच्या पुढे कंसात 'आयुर्वेद' लिहिलं असेल तर अभ्यासक्रम वेगळा, एवढं नीट वाचून घ्या. पदव्यांचं पुराण इथं संपलं.

घोळ होतो तो पुढे. पाटीवर दोन्ही कामं लिहिलेली असली तरी डॉक्टर आज दोन्ही करतेच असं नाही. बाळंतपण म्हणजे रात्र. पंचवीस-तीस वर्षं रात्री दोन-दोनला उठल्यावर अनेक जणी ते थांबवतात. मग वंध्यत्व, दुर्बिणीची ऑपरेशनं, नाही तर नुसती ओपीडी. काही जणी तर पहिल्यापासूनच तिकडे वळतात. पाटी मात्र कोणी बदलत नाही, आणि बदलायला हवी असंही नाही. पदवी तीच आहे.

माझी भाची पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, डोहाळजेवण उरकून. ताईनं तिला हक्कानं आपल्याच डॉक्टरकडे नेलं. तिथंच ताईच्या पिशवीतली गाठ काढली होती, एक टाका दुखला नव्हता. दीड महिना वजन, बीपी, गोळ्या, सगळं शिस्तीत. छत्तिसाव्या आठवड्यात ताईनं काउंटरवर प्लॅस्टिकची फाईल ठेवून विचारलं, "नाव कधी घालायचं?" समोरची मुलगी पावती फाडत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम डिलिव्हरी नाही करत आता. आठ वर्षं झाली." कोणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

तपासून घेणं आणि नाव घालणं, या दोन गोष्टी आपण एकच धरतो. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा: बाळंतपण तुम्ही स्वतः करता का, आणि कुठे? स्वतःच्या दवाखान्यात की दुसऱ्याच्या हॉस्पिटलात जाऊन? तुम्ही गावाला गेलात तर कोण येतं? भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोचतात? रक्त कुठून येतं? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव एकदा वाढू लागला की हाताशी मिनिटं असतात, तास नाही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर ती पेटी याच इमारतीत आहे की बाळाला ॲम्ब्युलन्सनं दुसरीकडे न्यायचं? या प्रश्नांचा राग येणारी डॉक्टर मला तरी नको.

धंतोलीतलं छोटं नर्सिंग होम वाईट असतं असं अजिबात नाही. सरळ बाळंतपणाला तिथली घरची वागणूक फार मोलाची. पण जुळं, बीपी, साखर किंवा आधीचं सिझर असेल तर मी ऑपरेशन थिएटर आणि नवजात बाळांचा विभाग एका छताखाली असलेली जागाच घेईन, पार्किंगचे कितीही हाल होवोत. आणि सरकारी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की मेडिकल, मेयो किंवा डागा या इथल्या सरकारी हॉस्पिटलांत रात्री तीन वाजता डॉक्टर ड्युटीवर असतात, घरून बोलवावे लागत नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढे, सरकारी केंद्रांत मोफत तपासणी होते. शिवाय ज्या शहरात कमलाताई होस्पेटांनी १९२१ साली बायकांच्या सुखरूप बाळंतपणासाठी मातृ सेवा संघ उभा केला, तिथं अजून "नॉर्मल करणारी डॉक्टर सांगा" असं विचारतात याचं मला नवल वाटतं. नॉर्मल होणं बाळाची स्थिती, कळा, आईची तब्येत यांवर ठरतं. डॉक्टरचं काम सिझरची वेळ ओळखणं, आणि ती आली की उशीर न करणं.

उलट बाजूनंही चूक होते, पण तिची चर्चा होत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर डाग एवढासा असला तरी दाखवायचंच. कॅन्सर नाही ना, हे आधी बघावं लागतं. अशा बाईला जिच्याकडे बाळंतपणांची रांग आहे तीच डॉक्टर हवी असं नाही. तिथं ओपीडी अर्ध्यात सोडून मॅडम लेबर रूमला पळतात आणि ही दोन तास बाकावर. हिनं विचारायचं ते दुर्बिणीतून पिशवी तपासण्याबद्दल, बायॉप्सीबद्दल. आणि अडतिसाव्या वर्षी नुसतं जास्त जातं म्हणून कोणी "पिशवीच काढून टाका" म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू आहे. ऑपरेशन पळून जात नाही.

भाचीचं नाव सदतिसाव्या आठवड्यात दुसरीकडे घातलं. मुलगी झाली, दोघी छान आहेत. ताई स्वतःसाठी अजून त्या जुन्या मॅडमकडेच जाते, आणि बरोबरच करते.