गादी, गॅप आणि आत्याचा अंगठा

"हितं दुखतंय बघ," म्हणत आत्या हात मागे न्यायची आणि अंगठा पाठीवर टेकवायची. अंगठा कमरेवर नाही, तिच्या बराच वर टेकायचा. ब्लाउज संपतो तिथून साधारण चार बोटं खाली. तीन आठवडे मी हे रोज बघत होतो, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

आत्या ७६ वर्षांची, तासगावजवळच्या खेड्यात राहते. पाण्याची कळशी उचलताना पाठीत कच्कन झालं एवढंच निमित्त. पडली नाही, धडपडली नाही. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला. त्यात वरच्या बाजूचा एक मणका पुढून जरा दबलेला दिसत होता. पण तो आत्ता दबलाय की दहा वर्षांपूर्वी, हे या फिल्मवरून कळणार नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. आम्हाला त्यातलं 'कळणार नाही' एवढंच ऐकू आलं. संध्याकाळी पुण्याहून आतेभावाचा फोन आला, "एमआरआय करून टाक एकदाचा. पैशाचं मी बघतो."

हे 'करून टाकणं' आपल्याकडे फार झालंय. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं बघवत नाही, लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, आणि खासगी सेंटरला फोन केला की दुसऱ्या दिवशीची वेळ मिळते. सरकारी रुग्णालयातल्या रांगेच्या मानाने हे सुखच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त मशीनकडे कोणता प्रश्न घेऊन जायचं हे ठरवायचं राहून जातं.

आमच्याकडे उत्तर मात्र आधीच ठरलं होतं. शेजारच्या काकूंनी आत्याला बघताक्षणी निदान केलं, "गादी सरकलीय." दुसऱ्या कुणी म्हणालं, "मणक्यात गॅप पडला असेल."

या दोन शब्दांनी महाराष्ट्रातल्या किती पाठींवर राज्य केलंय! दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक चकती असते, ती गादी. कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर आणि मधे पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत गर. ही गादी वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती ड्रॉवरसारखी सरकत नाही. सरकतो, म्हणजे कड फाडून बाहेर येतो, तो आतला गर. बऱ्याचदा तेवढंही होत नाही, पाणी कमी होऊन गादी नुसती चपटी होते आणि कडेने फुगते. 'गॅप'ची तर आणखी गंमत. गादी चपटी झाली की दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं. म्हणजे आपण ज्याला गॅप पडणं म्हणतो, त्यात खरं तर गॅप बुजत असतो.

आता ही चपटी, फुगलेली गादी दुखतेच का? १९९४ साली अमेरिकेत ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढला गेला. अट एकच, त्यांची पाठ दुखत नसली पाहिजे. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठणठणीत असलेले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, ३,११० माणसांची. कुणालाही पाठदुखी नाही. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. थोडक्यात, आत्याच्या वयाच्या कुठल्याही बाईला मशीनमध्ये घाला, रिपोर्टात 'डिस्क बल्ज', म्हणजे फुगलेली गादी, बहुधा येणारच. केस पांढरे झाल्याचाही असाच रिपोर्ट देता येईल, पण डोकेदुखीचं खापर आपण पांढऱ्या केसांवर फोडत नाही.

याहून मला हादरवणारा अभ्यास २०१७ चा आहे. कंबर आणि पाय दुखणाऱ्या एका ६३ वर्षांच्या अमेरिकन बाईने तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरमध्ये कमरेचा एमआरआय काढला. पाठ तीच, दुखणं तेच, रिपोर्ट दहा. त्यांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवलेले होते. दहाही रिपोर्टांत सापडेल असा त्यातला एकही नव्हता. नऊ रिपोर्टांत आलेला दोष एकच. जवळजवळ एक तृतीयांश दोष तर एकेकाच रिपोर्टात होते. रिपोर्ट ही वजनकाट्याची पावती नव्हे. एक माणूस अंधाऱ्या खोलीत शेकडो करड्या चित्रांतून वाट काढतो आणि जे महत्त्वाचं वाटतं ते लिहितो. त्याला काय शोधायचंय हे कुणी सांगितलंच नसेल तर तो दिसेल ते सगळं लिहितो.

आणि आम्ही काय सांगितलं? सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, "पाठ दुखते." तिने संगणकात 'बॅकएक' टाइप केलं आणि पावती फाडली.

मिरजेला आम्ही सकाळीच पोचलो होतो. अर्धा सांगली जिल्हा आणि शेजारचा कर्नाटक दवाखान्यासाठी मिरज गाठतो, त्यामुळे बाकावर मराठी-कानडी दोन्ही चालू होतं. आत्याचे दागिने काढण्यातच वीस मिनिटं गेली. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही, पण ते मशीनच्या लहरींनी तापू शकतं आणि चित्र बिघडवतं. खरी भीती लोखंडाची. साडीच्या पिना, केसांतले आकडे, ब्लाउजचे हूक. जोडवी काही केल्या निघेनात, शेवटी साबण लावून काढली. पेसमेकर आहे का, मेंदूत कुठे क्लिप बसवलीय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे तंत्रज्ञाने दोनदा विचारलं. मला ते आवडलं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला. त्यात त्याचा जीव गेला. हे चुंबक बटण दाबल्यावर सुरू होणारं नसतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारांचं हे वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेलं असतं. त्यात एकदा सोडलेली वीज अडथळ्याशिवाय फिरत राहते. खोली रिकामी असो, दिवे बंद असोत, चुंबक जागंच. त्याची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वावर होकायंत्र चालतं त्याच्या तीस हजार पटींहून जास्त.

आत काय होतं? आपल्या अंगात पाणी आणि चरबी भरपूर, आणि दोन्हींत हायड्रोजन. त्याचा अणुगर्भ म्हणजे एक प्रोटॉन. तो एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे प्रोटॉन कसेही तोंड करून असतात. मोठ्या चुंबकात गेले की त्यांतल्या किंचित जास्त जणांचा कल एका दिशेला होतो आणि सगळे भोवऱ्यासारखे डुलत गिरक्या घेतात, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६.४ कोटी. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ते कलंडतात. लहर थांबवली की सावरतात, आणि सावरताना स्वतः बारीक रेडिओसंदेश सोडतात. एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालीच हा संदेश येतो, म्हणून बाहेरची स्टेशनं आत घुसू नयेत यासाठी त्या खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा असतो. पाण्यातला प्रोटॉन सावरायला वेगळा वेळ घेतो, चरबीतला वेगळा. चित्र उभं राहतं ते या फरकावर. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना याच कामासाठी २००३ चं नोबेल मिळालं. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे किरणोत्साराचा प्रश्नच नाही. सीटी स्कॅनमध्ये तो असतो, पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत त्याची धास्ती कुणी फारशी घेत नाही, कारण त्यातून कॅन्सर व्हायचाच तर बहुधा वर्षानुवर्षं जावी लागतात. या वयात जपायचं ते मूत्रपिंडाला. चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं, कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का, बघावं लागतं. आत्याला ते लागलं नाही.

अडचण वेगळीच होती. ज्या पाठीवर टेकवत नव्हतं, त्याच पाठीवर वीस-पंचवीस मिनिटं न हलता पडायचं. अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायला हवी होती, हे मला कुणी सांगितलं नाही आणि सुचलंही नाही. तंत्रज्ञाने गुडघ्यांखाली जाड उशी दिली, कानांत बोळे घातले. "आजी, हलायचं नाही हं." मग खडखडाट सुरू झाला. मुख्य चुंबकाच्या आतली छोटी वेटोळी वीज झटपट बदलली की थरथरतात, त्याचा हा आवाज. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "पिठाच्या गिरणीत निजवलं की रं मला."

दुपारी रिपोर्ट मिळाला. पहिल्याच ओळीत एल-४, एल-५ या कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी फुगलेली, मज्जारज्जूच्या पिशवीला टेकलेली. मग एल-५ खालचीही तशीच. मग सांध्यांची झीज. मी तिथेच आतेभावाला फोन केला, "गादीच आहे." तो म्हणाला, "वाटलंच होतं." काकू म्हणाल्या, "मी म्हणाले नव्हते?" सगळे आपापल्या परीने खूश. शेवटून दुसऱ्या ओळीत डी-१२, म्हणजे कमरेच्या लगेच वरच्या मणक्याबद्दल काहीतरी होतं, ते वाचायचा कंटाळा केला.

हाडांच्या डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं. आधी आत्याला विचारलं, "आजी, कुठं दुखतं?" अंगठा मागे गेला. डॉक्टरांनी तिथे मूठ हळूच आपटली आणि आत्या कळवळली. खाली कमरेवर आपटली तर काही नाही. मग प्रश्नांची सरबत्ती. लघवी-संडासवर ताबा आहे ना? बसायची जागा बधिर होते का? पायात जोर कमी झालाय? ताप येतो? वजन उतरलंय? घरात कुणाला टीबी होता? कधी कॅन्सरचा उपचार झालाय? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत? यातल्या कशालाही 'हो' आलं असतं तर घाई वेगळ्या कारणाने झाली असती. आपल्याकडे मणक्याचा टीबी पुस्तकापुरता उरलेला नाही, आणि लघवीचा ताबा सुटला तर स्कॅन त्याच दिवशी व्हावा लागतो. यातलं काहीच नसेल तर साध्या कंबरदुखीला पहिले सहा आठवडे स्कॅनच करू नये, असं बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात, कारण तोवर बहुतेकांची कंबर आपसूक सुधारते. आत्याचं वय आणि एक्स-रेतला तो दबलेला मणका यामुळे तिची गोष्ट वेगळी होती. म्हणजे एमआरआय काढला ते बरोबरच, फक्त चुकून बरोबर.

आता त्यांनी फिल्म उजेडावर धरली. एकाच मणक्यांच्या रांगेची चित्रं, पण छटा वेगवेगळ्या. एका रांगेवर पेन ठेवून म्हणाले, "हे स्टिर." या तऱ्हेच्या चित्रात चरबीचा संदेश मुद्दाम दाबून टाकतात. म्हातारपणी मणक्यांच्या आतला मगज बराचसा चरबीचा झालेला असतो, म्हणून स्टिरमध्ये सगळे मणके काळपट दिसतात. हाड नुकतंच मोडलं असेल तर मात्र तिथे रक्त आणि सुजेचं पाणी उतरतं. चरबी काळी, पाणी पांढरं. आत्याच्या काळ्या ठोकळ्यांच्या रांगेत, वरच्या टोकाला, डी-१२ असा पांढरा दिसत होता की गावातले दिवे गेल्यावर एकाच घरात इन्व्हर्टर असावा. अंगठा टेकायचा तो बरोबर तिथे.

गादीचं काय, मी विचारलं. "ती असेल दहा-पंधरा वर्षांची. दुखत नाही ना, मग राहू दे."

हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा मणका मोडायला पडावं लागत नाही. वाकून कळशी उचलली, जोरात खोकला आला, खड्ड्यातून एसटी आदळली, तेवढंही पुरतं. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. आत्याला दुखण्याचं औषध, थोडे दिवस विश्रांती, मग लवकर चालायला लावणं आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सांगितली. या तपासणीतला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. आत्याचा उणे ३.१ आला. ही तपासणी एमआरआयहून स्वस्त होती आणि ती दहा वर्षांपूर्वी व्हायला हवी होती.

पैशांचं सांगायचं तर कमरेच्या एमआरआयला आम्हाला साडेसहा हजार पडले. सेंटर कुणी सुचवलं, त्यात कुणाचा 'कट', म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, होता का, या फंदात मी पडलो नाही. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा महाराष्ट्र सरकारच्या समितीने २०१७ मध्ये केला होता, यावरून ती बाब गुपित नाही एवढं कळतंच. मला जास्त चुटपुट लागली ती काउंटरवरच्या त्या दोन शब्दांची. 'पाठ दुखते' याऐवजी 'कळशी उचलल्यापासून इथे दुखतंय, एक्स-रेत वरचा मणका दबलाय, तो ताजा आहे का बघा' एवढं चिठ्ठीवर असतं, सोबत जुना एक्स-रे दिला असता, तर डी-१२ बहुधा पहिल्या ओळीत आला असता. एक्स-रे पिशवीत होता. कुणी मागितला नाही, मी दिला नाही.

निघताना डॉक्टरांनी पेन आणखी खाली, एल-२ वर नेलं. तोही पुढून दबलेला, पण स्टिरवर काळाच. म्हणजे कधीतरी मोडून आपसूक जुळलेला. "आजी, उंची कमी झालीय का हो तुमची?"

"उंचीचं काय म्हाईत न्हाई," आत्या म्हणाली, "पर दोन वरसं झाली, निऱ्या पायात येत्यात. मला वाटलं, साड्याच लांब यायला लागल्यात."