एकही शब्द न बदलता

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन कायदेपंडित गायस याने आपल्या पाठ्यपुस्तकात एका हरलेल्या दाव्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. एका माणसाच्या द्राक्षवेली कोणीतरी तोडल्या. त्याने दावा लावला आणि त्या वेळी उच्चारायच्या ठरीव वाक्यात 'वेली' हा शब्द वापरला. ज्या कायद्याच्या आधारे तो दाद मागत होता, त्या इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या 'बारा पट्टां'मध्ये मात्र शब्द होता 'झाडे'. तोडलेल्या वेलींबद्दल याच कलमाखाली दाद मागता येते हे सर्वांना मान्य होते, तरीही तो माणूस दावा हरला, कारण त्याने 'झाडे' म्हणायला हवे होते. अशा काटेकोरपणाला लोक हळूहळू विटले आणि ती पद्धत रद्द झाली, असेही गायस पुढे सांगतो.

ही हकीकत वाचून हसू येते, पण गांभीर्य म्हणजे नेमके काय, याचे उत्तर तिच्यात उघडेवाघडे दिसते. गांभीर्य म्हणजे दुःख नव्हे. विवाह आनंदाचा असतो आणि तरीही त्याचा मुख्य क्षण गंभीर असतो. गांभीर्य म्हणजे भपकाही नव्हे, कारण चार माणसांत, साध्या खोलीत उच्चारलेले वचन पुरेपूर गंभीर असू शकते. बोलणारा आपले शब्द, आपली चाल, आवाजाची पट्टी आणि बोलण्याचा क्रम यांवरचा स्वतःचा हक्क काही काळ सोडून देतो आणि आधीच ठरलेल्या रूपाच्या स्वाधीन होतो, तेव्हा जे निर्माण होते ते गांभीर्य, असे माझे मत आहे. भाषेनेही हे दोन अंगांनी टिपलेले दिसते. आपला 'गंभीर' हा शब्द संस्कृतात मुळात खोल पाण्याचा आणि खोल आवाजाचा आहे. (वर्तमानपत्रांतल्या 'प्रकृती गंभीर'ने त्याला धोक्याची छटा अलीकडे इतकी चिकटवली आहे की मूळची खोली विसरायला होते.) लॅटिनमधला 'सोलेम्निस' हा शब्द मात्र ठरावीक काळाने, ठरलेल्या रीतीने होणाऱ्या विधीचा. एकात खोली आहे आणि दुसऱ्यात नेम.

हक्क सोडून मिळते काय? इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या प्रश्नाला हात घातला. काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत, तर जगात काहीतरी घडवतात, हे त्यांचे प्रतिपादन होते. 'पाऊस पडतो आहे' हे वाक्य खरे किंवा खोटे असू शकते. 'मी या जहाजाचे असे नाव ठेवतो' हे वाक्य खरे-खोटे नसते, ते लागू पडते किंवा फसते. ते लागू पडण्यासाठी सर्वमान्य रीत हवी, योग्य व्यक्ती हवी, योग्य प्रसंग हवा आणि ती रीत पूर्णपणे पार पडायला हवी. रंगमंचावर दोन नटांनी विवाहाची वचने कितीही मनापासून घेतली, तरी त्यांचा विवाह होत नाही. उलट, खऱ्या विधीत वचन देणाऱ्याच्या मनात कपट असले तरी वचन दिले गेलेलेच असते, आणि म्हणूनच पुढे त्याला जाब विचारता येतो. मनातला भाव दुसऱ्याला दिसत नाही. ठरलेले शब्द ठरल्याप्रमाणे उच्चारले गेले की नाही, हे मात्र समोरच्या प्रत्येकाला पडताळून पाहता येते.

याचे आधुनिक उदाहरण २० जानेवारी २००९ चे आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची शपथ तिथल्या राज्यघटनेतच शब्दशः दिलेली आहे. इंग्रजीत ती अवघी ३५ शब्दांची भरते आणि 'मी गांभीर्यपूर्वक शपथ घेतो' या अर्थाने सुरू होते. बराक ओबामांना ती शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून 'निष्ठेने' या अर्थाचा शब्द जागा सोडून पुढे गेला. अर्थाला धक्का लागला नव्हता. घटनेतील विसाव्या दुरुस्तीप्रमाणे नव्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाळ त्या दिवशी दुपारी बारालाच सुरू झाला होता. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये, खबरदारी म्हणून, तीच शपथ पुन्हा घेण्यात आली. गायसचा द्राक्षवाला तिथे असता, तर त्याने समजुतीने मान हलवली असती.

कायद्याने या रूपाचा व्यावहारिक हिशेबही मांडला आहे. अमेरिकी विधिज्ञ लॉन फुलर यांनी १९४१ मध्ये लिहिलेल्या एका लेखात करारातील औपचारिकतेची तीन कामे सांगितली. ती पुरावा मागे ठेवते, सही करणाऱ्याला घाईने पाऊल टाकण्याआधी थांबवते आणि ही नुसती बोलाचाली नसून बांधून घेणारी कृती आहे, अशी निःसंदिग्ध खूण करते. यांतले दुसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. साक्षीदार, उभे राहणे, सावकाश म्हणणे, मागोमाग उच्चारणे, ही सगळी मुद्दाम घातलेली गतिरोधके आहेत.

हा संथपणा शरीरापर्यंतही पोहोचतो. २००१ मध्ये इटलीतील संशोधक लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास व हृदयाची लय मोजली. दोन परंपरा एकमेकींपासून दूरच्या, पण दोन्ही पठणांत श्वासाचा वेग मिनिटाला जवळजवळ सहावर आला. रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलताही या लयीत वाढते. हा परिणाम शब्दांच्या अर्थातून आला असे म्हणायचे कारण नाही. एका श्वासात मावणारी, ठरावीक लांबीची ओळ पुन्हा पुन्हा म्हटली की श्वास आपोआप तिच्या मापात बसतो. जमाव एका सुरात तीच ओळ म्हणतो, तेव्हा सगळ्यांचे श्वास एकाच मापात पडतात.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मानववंशशास्त्रज्ञ मॉरिस ब्लॉक यांनी मादागास्करमधील मेरिना समाजाच्या औपचारिक वक्तृत्वाचा अभ्यास करून १९७४ मध्ये एक तिखट निष्कर्ष मांडला. औपचारिक भाषणात आवाजाची पातळी ठरलेली असते, वाक्यरचना मोजक्याच चालतात, दाखले म्हणी आणि पूर्वजांच्या वचनांतूनच द्यावे लागतात आणि कशानंतर काय यायचे हेही नक्की असते. अशा भाषणाला उत्तर द्यायचे तर त्याच साच्यात द्यावे लागते आणि त्या साच्यात 'मला हे पटत नाही' म्हणायला जागाच नसते. गाण्याशी वाद घालता येत नाही, तसे हे आहे. त्यामुळे ब्लॉक यांच्या मते गंभीर भाषा हे सत्तेचे हत्यार ठरते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सरसकट लागू करता येणार नाही. जे रूप प्रजेचे तोंड बंद करते, तेच शपथ घेणाऱ्या सत्ताधाऱ्यालाही बांधते; सोयीची अट शपथेत घुसडण्याची मुभा त्यालाही नसते. त्यामुळे कोणताही समारंभ पाहताना, इथे शब्द बदलण्याचा हक्क कोणी सोडला आणि तो कोणाच्या हाती राहिला, हे मी आधी पाहतो.

शपथ घेतल्याने माणूस खरोखर प्रामाणिक वागतो का, हा प्रश्न प्रयोगशाळेत अजून सुटलेला नाही. अर्जाच्या शेवटी सही करण्याऐवजी आरंभीच केली तर लोक कमी खोटे लिहितात, असे सांगणारा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध त्यातील माहिती बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. त्यानंतरच्या, हजारो लोकांवर अनेक वेगवेगळ्या शपथा पारखून पाहणाऱ्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले की परिणाम होतो, पण तो शपथेच्या मजकुरावर अवलंबून असतो. 'मी प्रामाणिक राहीन' अशा मोघम वाक्यापेक्षा नेमके काय करणार नाही, हे सांगणारे वाक्य अधिक पकड घेते.

गंभीर प्रसंगी हसू का फुटते, हेही यावरून थोडे उलगडते. 'हसायचे नाही' असे मनाला बजावायचे, तर हसू येते आहे का, यावर मनाला सतत पहारा ठेवावा लागतो आणि तो पहाराच हसूची आठवण जागी ठेवतो. 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले होते. त्यात हसू हे संसर्गजन्य. रूप जितके घट्ट, तितकी छोटीशी चूकही त्यावर मोठी दिसते. गप्पांत अडखळलेला शब्द कोणाच्या लक्षातही येत नाही, शपथेत अडखळलेला शब्द सारी सभा ऐकते.

शब्दांवरचा हक्क सोडण्याचे टोक म्हणजे शब्दच सोडणे. पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधीला एक वर्ष झाले तेव्हा, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता, राजे पंचम जॉर्ज यांच्या आवाहनावरून ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटे सर्व व्यवहार थांबवून स्तब्धता पाळली गेली. प्रार्थना कोणत्या धर्माची, भाषण कोणत्या भाषेत, शोक विजयाचा की हानीचा, हे सारे प्रश्न त्या दोन मिनिटांत उद्भवलेच नाहीत. पण ती स्तब्धताही मोकळी सोडलेली नव्हती. लंडनमध्ये ती केव्हा सुरू झाली हे कळावे म्हणून आकाशात बार उडवले गेले होते.