108 च्या गाडीत लहान पोरगं असलं की... ईएमटीच्या मुलांसाठीच्या ट्रेनिंगची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी भागात पोरगं विहिरीत पडलं, साप चावला, झटके आले की आपण पहिला फोन 108 ला लावतो आणि गाडी दिसली की अर्धा जीव भांड्यात पडतो. पण गाडीतल्या ईएमटीला, म्हणजे पेशंटला वाटेत सांभाळणाऱ्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला, लहान मुलांचं कितपत शिकवलंय हे आपल्याकडं कोण विचारतच नाही, म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेत 1960-70 च्या दशकात अँब्युलन्सची जी सिस्टीम उभी राहिली ती हार्ट अटॅक आणि हायवेवरचे अ‍ॅक्सिडेंट डोळ्यासमोर ठेवून, मुलांचा वेगळा विचार त्यात जवळजवळ नव्हताच. हवाईचे बालरोगतज्ज्ञ कॅल्विन सिया यांनी हा विषय लावून धरला आणि 1984 ला अमेरिकेच्या संसदेनं मुलांच्या इमर्जन्सीसाठी वेगळा कार्यक्रम मंजूर केला. मग 1988 ला पॅल्स (PALS) हा अत्यवस्थ मुलांना वाचवायचा कोर्स आला आणि 2000 च्या सुमारास खास अँब्युलन्सवाल्यांसाठीचा पेप (PEPP) कोर्स. त्यात शिकवतात ते मला फार पटलं, पोराला हात लावायच्या आधी लांबूनच तीन गोष्टी बघायच्या, बघतंय-रडतंय का मलूल पडलंय, श्वासाला किती धडपडतंय, आणि अंगाचा रंग कसा आहे. मशीन लागत नाही, काही सेकंदांचं काम.

वेगळं शिकवायचं कारण पण पक्कं आहे. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा अचानक बंद पडतं, पोराचं मात्र बहुतेक वेळा आधी श्वास अडकतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि मग हृदय थांबतं, म्हणजे अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, नीट चालवता आली तरच पोर हाताला लागतं. तान्ह्या बाळाचं डोकं मोठं, उताणं झोपवलं की मान पुढं वाकून श्वासाची वाट दबते, तिथं खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवायची एवढंच असतं पण माहीत पाहिजे. औषध वजनावर, आणि धावपळीत वजन कोण करणार, म्हणून ब्रोसलो नावाच्या डॉक्टरनी 1980 च्या दशकात उंचीवरून वजन काढायची रंगीत पट्टी बनवली. भारतीय मुलांवर तपासली तर 10 किलोच्या वरच्या पोरांचं वजन ती जास्त दाखवते असं निघालं, म्हणजे डोस जास्त जायची भीती. बाहेरचं आहे तसं उचलून चालत नाही ते यासाठी.

आपल्याकडं कर्नाटकात 108 आली नोव्हेंबर 2008 ला, गाडीत ईएमटी आणि पायलट म्हणजे ड्रायव्हर, डॉक्टर फोनवर. महाराष्ट्रानं 2014 ला सुरू केली ती गाडीतच डॉक्टर ठेवून. म्हणजे सीमेच्या अलीकडं-पलीकडं, महाराष्ट्रातल्या कागलच्या पोराजवळ डॉक्टर आणि कर्नाटकातल्या निपाणीच्या पोराजवळ ईएमटी, मग त्या ईएमटीचं ट्रेनिंग हाच इथं सगळा आधार झाला की नाही?

आणि ट्रेनिंगनं फरक पडतो हे बेळगावातच दिसलंय. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं सावरायचं हे जिल्ह्यात बाळंतपण करणाऱ्यांना शिकवलं आणि मृत जन्माचं प्रमाण 3 टक्क्यांवरून 2.3 वर आलं, 2013 ला हा अभ्यास छापून आला. पण पहिल्या महिन्यातले बाळांचे मृत्यू त्यात कमी झाले नाहीत. मला वाटतं शिकवणं बाळंतपणाच्या खोलीपाशी थांबून भागत नाही, पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) सिव्हिलला जाईपर्यंतचा रस्ता पण धरायला पाहिजे. मुलांचे कॉल एकूणात थोडेच, हाताची सवय मोडते, म्हणून एकदा शिकवून सोडायचं नाही, दर काही महिन्यांनी बाहुलीवर परत हात चालवून घ्यायचा. आणि ईएमटी कन्नड बोलणारा असला तर "कधीपासून? काय गिळलं? लघवी कधी झाली?" एवढं मराठीत विचारायला तरी शिकवा, खानापूरची आई घाबरल्यावर मराठीतच सांगणार.