कायदा रस्त्यावर, बैल उसात

बैलाच्या हालांचा विषय निघाला की महाराष्ट्रात चर्चा थेट बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, जाऊन पोचते. ऊस वाहणाऱ्या बैलाचं नाव क्वचितच निघतं. याची मुळं बरीच जुनी आहेत.

जनावरांच्या छळाविरुद्धचा कायदा आपल्याकडे शहरातून आला. 1874 साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्थाही निघाली. पुढच्या दशकात परळला पेटिट कुटुंबाच्या देणगीतून जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. 1890 च्या कायद्यात मारहाण किंवा जादा ओझं गुन्हा ठरायचं ते रस्त्यावर, लोकांचा वावर असलेल्या जागी किंवा रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये, हीही सोय त्यात होती. गोठा आणि शेत या नजरेच्या पलीकडे राहिलं.

तिथे दुसरी रीत चालू होती. विदर्भ-मराठवाड्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद-तेल किंवा लोणी चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला सांगतात. पोळ्याला बैल जुंपायचा नाही, हा दंडक पोलिसाशिवाय पाळला जातो. खांदाच का, तर जू तिथे बसतं. जू घासून कातडं सोललं, खांदेसूज आली की ऐन कामाच्या दिवसांत जोडी बसून राहते. मायेत हा हिशेबही मुरलेला आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण त्याच गोठ्यात पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर असे, टोचणारा खिळा. गोऱ्ह्याचं नाक टोचून वेसण घालत, आणि बडवणं, म्हणजे खच्चीकरण, हे अक्षरशः अंड ठेचणं होतं. ते दुखणं कमी केलं ते कातडं न कापता आतली नस दाबणाऱ्या बर्डिझो चिमट्याने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत निघालेलं हे अवजार गावोगावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांतून इथे रुळलं. उपदेशाने हे झालं नसतं, असं माझं मत.

स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं. सरकारने स्वतःचं विधेयक आणायचं कबूल केलं आणि त्यातून 1960 चा कायदा आला. ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेलं खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण घालणं त्याने क्रूरतेतून वगळलं. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 50 रुपयांपर्यंत. तेव्हा तो बोचत असेल, पण आकडा पुढे वाढलाच नाही.

याच कायद्याखाली आलेले 1965 चे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. ओझं ओढणाऱ्या जनावराला दिवसात 9 तासांहून जास्त आणि सलग 5 तासांहून जास्त राबवायचं नाही. पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. टोकदार काठी वापरायची नाही. गाडीत किती वजन भरायचं तेही जनावराचा आकार आणि गाडीची चाकं पाहून ठरवून दिलं.

आता हे नियम घेऊन उसाच्या फडात जा. बीड-नगरकडचा तोडणी कामगार मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि कैकदा त्याच पैशातून बैलजोडी येते. मजुरी टनावर मिळते. एका खेपेत दोन-तीन टन ऊस गाडीत चढतो, कारण अर्ध्या गाडीने उचल फिटत नाही. पहाटे तोड, मग वाहतूक, मग साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर गाड्यांची रांग. त्या रांगेत बैल तासन्‌तास ताटकळतो, ते 9 तासांत धरायचं की नाही? गाडीवानाला विचारा, तो म्हणेल, ‘बैल मेला तर कर्ज कोण फेडणार?’ हे उत्तर निर्दयपणाचं नाही. खांदा सोलवटलेला त्याला आपल्याआधी दिसतो, पण विसावा द्यायला खाडा परवडत नाही.

या काळात वाद पेटला तो शर्यतींचा. 2011 मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. शर्यतीत बैलाला इजा केली तर दंड 5 लाखांपर्यंत, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. ज्या बैलाला खुराक घालून लाडाने वाढवतात त्याच्यासाठी 5 लाख, आणि उसाच्या बैलासाठी 50 रुपये!

उसाच्या बैलासाठी त्या मानाने बरं काही झालं ते कारागिरीतून. लाकडी चाकं जाऊन हवेचे टायर आले, ओढ हलकी झाली. अर्थात लगोलग ओझंही वाढलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुधारित गाडीवर काम केलं. 2022 मध्ये इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकूचं चाक बसवून मानेवरचा भार जमिनीवर उतरवला. त्याचे फोटो सगळीकडे फिरले. जादा चाकाचा खर्च कारखान्याने उचलायचा की गाडीवानाने, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. आणि 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने, हंगामात पाय मोडलेला बैल बाजारात विकून नव्या जोडीला हातभार लावण्याची वाटही बंद झाली आहे.