कात्रीनं कापलेली सर्दीची गोळी

"सर्दीच्या दोन गोळ्या द्या, सकाळपर्यंत बरं वाटलं पाहिजे." सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांची संध्याकाळची पाळी बदलताना मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. गड्ड्याची यात्रा झाली की जास्तच. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीत एकाच्या शिंकेतला विषाणू दहा घरांत पोचतो. जानेवारीचा उरलेला महिना मग नाक पुसण्यात जातो.

गिऱ्हाइकानं दोन मागितल्या की पाकिटातून कात्रीनं दोन कापून दिल्या जातात. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच केलं. पण दहा गोळ्यांच्या पाकिटामागं बारीक अक्षरांत घटक आणि मुदत छापलेली असते, आणि कापलेल्या तुकड्यावर ती पूर्ण येतेच असं नाही. कधी नुसतं अर्धं नाव येतं, कधी कोरी चंदेरी पन्नी. माणूस काय खातोय हे सांगणारा कागद दुकानातच राहतो.

त्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा तीन-चार औषधं असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, वाहतं नाक आणि शिंकांसाठी क्लोरफेनिरामिन, चोंदलेल्या नाकासाठी फिनाइलेफ्रिन आणि कधीकधी थोडं कॅफिन. म्हणजे ताप नसताना नुसतं नाक गळतंय म्हणून गोळी घेतली, तरी तापाचं औषध पोटात जातंच. यातलं एकही औषध विषाणूला मारत नाही. सर्दी आपल्या दिवसांनी जाते, तोवरचा त्रास तेवढा कमी होतो.

माझी सगळ्यात मोठी काळजी पॅरासिटामॉलची आहे, कारण हे औषध चांगलं आहे आणि म्हणूनच घरोघरी आहे. समजा, सर्दीच्या गोळीत ते ५०० मिलिग्रॅम आहे आणि ती दिवसातून तीनदा घेतली. झाले १५००. कसकस जात नाही म्हणून डब्यातली पॅरासिटामॉलचीच 'साडेसहाशे' चारदा घेतली. झाले २६००. बेरीज ४१००. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, रोज दारू पोटात जात असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर ती त्याहून खाली येते. या माणसानं आपल्या समजुतीप्रमाणं दोन वेगळी औषधं घेतली. यकृतापर्यंत मात्र एकच औषध पोचलं.

यकृत पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. त्याला आवरायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. मात्रा फार वाढली की तो साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उलटतं. घात असा, की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडं फारसं काही जाणवत नाही. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. यावर एन-ॲसिटिलसिस्टिन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून मात्रा जास्त झाल्याचं लक्षात आलं, तर त्रास होण्याची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

दुसरी काळजी क्लोरफेनिरामिनची. त्यानं झोप येते. रात्रपाळीला यंत्रमागावर तुटलेला धागा जोडायला हात पुढं करणाऱ्या कामगाराला एक क्षणाची पेंग परवडत नाही. ट्रक आणि रिक्षा चालवणाऱ्यांचंही तेच. दारूबरोबर गुंगी आणखी वाढते. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर माणसाची यानं लघवी अडू शकते. आजोबांना सर्दीची गोळी नेणाऱ्या नातवाला हे विचारायलाच हवं.

फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळं बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यातून ते तोंडावाटे घेतल्यावर नाकापर्यंत पोचण्याआधीच बरंचसं आतड्यात आणि यकृतात मोडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत पोटात घेतलेल्या फिनाइलेफ्रिननं चोंदलेलं नाक सुटत असल्याचा पुरावा नाही. मग त्यासाठी पैसे का मोजायचे? मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब स्वस्त आहेत आणि बाधत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत मी काउंटरवर कुणाचीही भीड ठेवत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि वीसहून जास्त लेकरं दगावली. त्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच, आणि पाचच्या आत सहसा टाळावीत. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध दिला तर खोकल्याची ढास कमी होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध बिलकूल द्यायचा नाही. मोठ्या मुलाला डॉक्टरांनी सिरप दिलंच, तर बाटलीबरोबरच्या मापानंच द्या. घरातल्या चमच्यांची मापं एकसारखी नसतात.

परवा एक आजी विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून आल्या होत्या. हातात गोळीचा कापलेला तुकडा. "हीच द्या, मागच्या आठवड्यात बरं वाटलं होतं." तुकड्यावर तीनच अक्षरं होती. मी अख्खं पाकीट पुढं ठेवलं, त्यांच्या नातीनं मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो काढला आणि घरातल्या तापाच्या गोळीशी ताडून बघितला. दोन्हींत पॅरासिटामॉल होतं. मग मी खोकला किती दिवसांचा आहे ते विचारलं. "झाला की महिना." त्या दिवशी मी गोळी दिलीच नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला, क्षयरोग तर नाही ना हे बघायला, थुंकीची तपासणी लागते, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. नातीला तिथला रस्ता सांगितला.